भोवरा, ओळंबा आणि अग्निबाण



८ सप्टेंबर १९४४ या दिवशी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास लंडन शहराच्या पश्चिमेकडील चिझिक या भागात, स्टेव्हली रोड नावाच्या एका साध्या वस्तीच्या रस्त्यावर एकाएकी मोठा स्फोट झाला. घरे कोसळली, रस्त्यात भला मोठा खड्डा पडला आणि तीन माणसे प्राणास मुकली. आकाशात विमान दिसले नव्हते; धोक्याचा भोंगाही वाजला नव्हता. नवल असे की, स्फोट होऊन गेल्यावर मग वरून काहीतरी गडगडत येत असल्याचा आवाज लोकांच्या कानी पडला. आधी घाव, आणि चाहूल मागाहून! कारण उघड होते. आलेली वस्तू आवाजाच्या कितीतरी पुढे धावत आली होती. ब्रिटिश सरकारने ही गोष्ट दोन महिने गुप्त ठेवली, आणि १० नोव्हेंबरला पंतप्रधान चर्चिल यांनी ती पार्लमेंटात उघड केली.

ही वस्तू म्हणजे जर्मनांचा अग्निबाण. त्याचे कारखान्यातले नाव ए-४. जग त्याला व्ही-२ या नावाने ओळखते. तो हॉलंडच्या किनाऱ्यावरून, सुमारे ३०० किलोमीटरांवरून, म्हणजे जुन्या हिशेबाने पावणेदोनशेहून अधिक मैलांवरून सुटला होता. एवढे अंतर त्याने पाचएक मिनिटांत तोडले. त्यात माणूस बसलेला नव्हता, बाहेर पाहायला खिडकी नव्हती. मग वाटेत समुद्र असताना त्याला लंडनची दिशा कोणी दाखविली? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या गावातल्या पोरांच्या खिशात सापडेल. तो भोवरा, आणि गवंड्याच्या पिशवीतला ओळंबा. आज आपण या दोन वस्तूंविषयी बोलणार आहोत. त्यांच्या आधाराने वाट शोधण्याच्या विद्येला जडत्वीय मार्गदर्शन असे म्हणतात. नाव जड आहे खरे, पण गोष्ट समजायला अवघड नाही.

प्रथम हा अग्निबाण कसा होता ते पाहू. त्याची लांबी १४ मीटर, म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीपेक्षाही जास्त. इंधन भरल्यावर वजन साडेबारा टनांच्या वर. त्यातला एक टन भाग स्फोटकाच्या टोकाचा. बाकी बहुतेक वजन इंधनाचे. एका टाकीत पाणी मिसळलेले अल्कोहोल, तेही बरेचसे बटाट्यांपासून काढलेले, आणि दुसऱ्या टाकीत अतिथंड करून द्रव केलेला प्राणवायू. दोन्ही एकत्र येऊन जळत, आणि खालून निघणाऱ्या ज्वाळेच्या जोरावर अग्निबाण वर चढे. बाल्टिक समुद्राच्या काठी पेनेम्युंडे येथे ३ ऑक्टोबर १९४२ रोजी त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. हे इंजिन पाच मिनिटे चालत नसे. ते जेमतेम एक मिनिट, फार तर ६५ सेकंद चाले. तेवढ्यात अग्निबाणाला सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर इतका वेग येई. मग इंजिन बंद. पुढचा सगळा प्रवास, ८०-९० किलोमीटर उंचीपर्यंत चढणे आणि पुन्हा खाली येणे, हा केवळ मिळालेल्या वेगावर.

जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार तुम्ही पाहिला आहे. तो गोफण गरगर फिरवतो आणि नेमक्या क्षणी एक टोक सोडून देतो. दगड एकदा सुटला की त्याच्यावर राखणदाराची काही सत्ता उरत नाही. दगड कोठे पडणार हे सुटण्याच्या क्षणीच ठरून गेलेले असते. कोणत्या बाजूला सुटला, किती कोनात सुटला आणि किती वेगाने सुटला, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून. व्ही-२ची रीत हीच. पहिले ६५ सेकंद म्हणजे गोफण फिरविणे. नंतरचे सगळे म्हणजे सुटलेला दगड. तेव्हा वाट दाखविण्याचे जे काही काम करायचे ते त्या एका मिनिटातच.

येथे शिक्षक बंधुभगिनींनी खडू हातात घ्यावा. ३०० किलोमीटर जाणाऱ्या बाणाची दिशा फक्त एक अंशाने चुकली, तर तो बाजूला किती जाईल? सव्वापाच किलोमीटर. वेगाचे तर याहून नाजूक आहे. बाण जितका लांब जातो ते अंतर ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेगात शंभरात एकाची चूक झाली की अंतरात शंभरात दोनाची. ३०० किलोमीटरांत सहा किलोमीटर! तेव्हा दिशा अंशाच्या अंशापर्यंत राखली पाहिजे आणि इंजिन सेकंदाच्या लहानशा भागापर्यंत वेळेवर थांबविले पाहिजे.

आधी दिशेचे पाहू. पोरगा भोवऱ्याला दोरी गुंडाळतो आणि झटका देऊन सोडतो. भोवरा आरीवर उभा राहतो. हाच भोवरा न फिरविता आरीवर ठेवून पाहा. क्षणभर तरी उभा राहील काय? फिरणाऱ्या वस्तूचा हा स्वभावच आहे. ज्या दिशेला तिचा आस रोखलेला असेल ती दिशा ती सहजासहजी सोडत नाही. फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली या गुणाचा उपयोग करून एक उपकरण केले व त्याला जायरोस्कोप असे नाव दिले. एका कड्यात दुसरे कडे आणि आतल्या कड्यात जोराने फिरणारे जड चाक, अशी त्याची रचना. बाहेरचे कडे कसेही वळवा, आतील चाकाचा आस आपला ज्या दिशेला होता त्याच दिशेला. पुढे जहाजांवर दिशा पाहण्यासाठी याच तत्त्वाची यंत्रे बसविण्यात आली.

व्ही-२मध्ये असे दोन भोवरे होते. विजेवर फिरणारे. अग्निबाण डावीउजवीकडे वळतो काय, किंवा स्वतःभोवती गरकतो काय, याच्यावर एकाचा पहारा. तो पुढेमागे कलतो काय, याच्यावर दुसऱ्याचा. अग्निबाण सरळ उभा सुटे. पण दूर जायचे तर त्याला कलले पाहिजे. त्यासाठी मोठी युक्ती केलेली होती. या दुसऱ्या भोवऱ्याच्या संदर्भाची खूणच एक लहान यंत्र ठरल्याप्रमाणे हळूहळू फिरवी. अग्निबाणाला वाटे की आपणच वाकडे झालो आहोत, म्हणून तो खुणेशी जुळवून घेण्यासाठी कलत जाई. असा तो उभ्या रेषेपासून पंचेचाळीस अंशांहून थोडा अधिक कले आणि तेथे स्थिर होई.

भोवऱ्याने चूक दाखविली, पण ती दुरुस्त कोण करणार? नावेला सुकाणू असते तशी येथे ज्वाळेच्याच तोंडाशी चार पाती बसविलेली होती. लोखंड त्या आगीत टिकले नसते, म्हणून ती ग्रॅफाइटची, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाच्याच जातीच्या पदार्थाची केलेली होती. पाते जरा वळले की ज्वाळेचा झोत वळे, आणि अग्निबाणाचे तोंड फिरे.

तरी अडचण संपत नाही. तळहातावर काठी उभी तोलून पाहा. काठी कलली तेवढाच हात सरकवाल तर ती दुसऱ्या बाजूला जाईल, तिकडून पुन्हा इकडे, आणि शेवटी पडेल. डोंबाऱ्याचे पोर मात्र ती लीलया तोलते. कारण काठी किती कलली एवढेच ते पाहत नाही. ती किती झपाट्याने कलते आहे हेही त्याच्या डोळ्याला कळते, आणि हात वेळेआधीच थांबतो. हेल्मुट होल्त्सर नावाच्या जर्मन अभियंत्याने विजेच्या मंडलांनी हेच काम करणारी पेटी बनविली. भोवऱ्याकडून आलेल्या खुणेतून ती कलण्याचा वेगही काढी, दोहोंचा मेळ घाली आणि पात्यांना हुकूम देई. उडत्या यंत्रात बसविलेल्या पहिल्या गणकयंत्रांत तिची गणना होते.

दिशा आणि कल झाला. राहिला वेग. आता प्रश्न असा की, बाहेर काही दिसत नसताना वेग मोजायचा कसा?

समजा, तुम्ही रात्रीच्या एस.टी.ने निघाला आहात. पडदे ओढलेले, बाहेर मिट्ट काळोख, मैलाचा दगड दिसत नाही. तरी गाडी सुटली की तुम्ही मागे रेलता. ब्रेक लागला की पुढे झुकता. वळण आले की शेजाऱ्याच्या अंगावर जाता. ही जडत्वाची करणी. शरीर आहे त्याच स्थितीत राहू पाहते आणि गाडी त्याला ओढून नेते. आता गाडीच्या छताला एक ओळंबा टांगा. गाडी एकाच वेगाने सरळ जात असेल तर तो सरळ लोंबेल. वेग वाढू लागला की मागे जाईल, आणि वाढ जितकी झपाट्याने तितका अधिक मागे. कोणी चिकाटीने प्रत्येक क्षणी ओळंबा किती सरकला हे टिपून ठेवले, तर त्याला वेगात किती वाढ झाली ते सांगता येईल. क्षणाक्षणाची वाढ बेरजेला धरली की वेग निघाला. क्षणाक्षणाचा वेग बेरजेला धरला की अंतर निघाले. पडदा न उघडता गाडी कोठे पोचली हे त्याने ओळखले! जडत्वीय मार्गदर्शन म्हणतात ते हेच. खिडकी नको, तारे नकोत, बाहेरचा निरोप नको. आपल्याच अंगाला बसणाऱ्या हिसक्यांचा चोख हिशेब ठेवायचा.

एक मेख मात्र आहे. पृथ्वीची ओढ आणि गाडीचा हिसका यांतला भेद ओळंब्याला कळत नाही. त्याला दोन्ही सारखीच. म्हणून पृथ्वीच्या ओढीचा वाटा आधीच गणिताने काढून हिशेबात धरावा लागतो.

व्ही-२मध्ये ही बेरीज करण्यासाठी फ्रिट्झ म्यूलर यांनी जे उपकरण केले ते पाहून आजही कौतुक वाटते. त्यांनी भोवरा आणि ओळंबा यांचे लग्नच लावले म्हणा ना! फिरत्या भोवऱ्याला त्यांनी मुद्दाम एका बाजूने वजन ठेवले. अग्निबाण वर झेपावला की ते वजन मागे राहू पाही आणि भोवऱ्याला कलवू लागे. पण जमिनीवरचा भोवरा कलला असता काय करतो ते आठवा. तो लगेच पडत नाही. गोल गोल डुलू लागतो. तसाच हा भोवराही कलण्याऐवजी आपल्या कड्यासह फिरू लागे. वेगाची वाढ जितकी जोराची तितके हे फिरणे जलद. म्हणजे एकूण किती फेऱ्या झाल्या हे मोजले की एकूण किती वेग आला हे आपोआप कळले. बेरीज करायला कारकून नको! ठरलेल्या फेऱ्या झाल्या की विजेची कळ दाबली जाई. इंजिनाचा जोर आधी २५ टनांवरून ८ टनांवर येई आणि मग इंजिन साफ बंद होई. गोफणीचे टोक सुटले. काही अग्निबाणांत इंजिन बंद करण्याचा हुकूम जमिनीवरून रेडिओने देत, पण पुष्कळांत हे काम या भोवऱ्यानेच केले.

एवढी बुद्धी खर्चूनही नेम कसा लागे? लष्करी हिशेबाने वाईट. ठरल्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर अग्निबाण पडत. भोवऱ्याच्या टेकणातील घर्षण, चाकातला किंचित तोल बिघाड, इंजिन बंद झाल्यावरही राहिलेला जोर, अशा बारीकसारीक चुका अखेरीस किलोमीटरांत दिसत. पूल किंवा कारखाना एवढे लहान लक्ष्य यांना साधण्याजोगे नव्हते. भल्या मोठ्या शहरावर टाकणे एवढेच जमे. म्हणजे मरण यायचे ते बाजारात, घरात, थिएटरात बसलेल्या माणसाला. २५ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनच्या न्यू क्रॉस भागातील गर्दीच्या दुकानावर एक पडला. १६८ माणसे गेली. १६ डिसेंबरला बेल्जममधील अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहावर पडला; ५६७ गेली.

याहून अंगावर काटा आणणारी गोष्ट हा अग्निबाण बनत असे त्या ठिकाणची. १९४३च्या ऑगस्टात ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बाँब टाकले. तेव्हा नाझी सरकारने कारखाना हार्ट्झ पर्वताच्या पोटात, नोर्डहाउझन गावाजवळच्या बोगद्यांत हलविला आणि कामाला छळछावणीतील कैदी जुंपले. या छावणीचे नाव डोरा. तेथे व तिच्या उपछावण्यांत सुमारे ६०,००० कैदी आणले गेले, त्यांतले सुमारे २०,००० मेले. उपासाने, रोगाने, मारहाणीने, फासावर. अग्निबाण पडून जितकी माणसे मेली त्यापेक्षा तो बनविताना अधिक मेली, असे इतिहासकार सांगतात. भोवऱ्याच्या चतुराईचे कौतुक करताना हे विसरता कामा नये. विद्या शोभिवंत होती; ती ज्यांच्या हाती होती आणि ज्यांच्या हाडांवर उभी होती, तो हिशेब वेगळा मांडावा लागतो.

युद्ध संपले आणि दोन्ही बलाढ्य राष्ट्रे या विद्येच्या मागे लागली. वेर्नर फॉन ब्राउन व त्यांचे शंभरावर सहकारी अमेरिकेत गेले. रशियाकडून पिल्युगिन आणि कुझ्नेत्सॉव यांच्यासारखे अभियंते जर्मनीत येऊन ही यंत्रे अभ्यासून गेले. व्ही-२च्या नमुन्यावर बनविलेला आर-१ हा रशियन अग्निबाण १० ऑक्टोबर १९४८ रोजी उडाला. आता धडपड होती ती भोवऱ्याचे घर्षण घालविण्याची. हंट्सव्हिल येथे फॉन ब्राउन यांच्या मंडळींनी रेडस्टोन अग्निबाणासाठी भोवरा हवेच्या पातळ थरावर तरंगत ठेवला. मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतील चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी तो बंद डबीत, दाट द्रवात तरंगता ठेवला. विहिरीत घागर बुडालेली असताना हलकी लागते ना, तसे. टेकणावर भारच नाही, तर घर्षण कोठून येणार?

फेब्रुवारी १९५३मध्ये ड्रेपर यांनी आपले यंत्र एका बी-२९ विमानात घातले आणि बॉस्टनजवळच्या बेडफर्डहून लॉस एंजल्सला, सुमारे ४,००० किलोमीटर, नेऊन दाखविले. वाट दाखविली ती त्या यंत्रानेच. वैमानिक बसून होते. यंत्राचे वजन मात्र एक टनाच्या वर होते! पुढे सात वर्षांत ते इतके लहान झाले की, २० जुलै १९६० रोजी समुद्राखालच्या पाणबुडीतून सोडलेल्या पोलॅरिस अग्निबाणात ते मावले.

लष्कराला या पेटीचा एवढा लोभ का? कारण रेडिओचा हुकूम शत्रूला अडविता येतो, बिघडविता येतो. ही पेटी बाहेरचे काही ऐकतच नाही, तेव्हा तिला फसविणार कसे? पण श्रोतेहो, याच गुणाची दुसरी बाजू पाहा. जे शत्रूचे ऐकत नाही ते मालकाचेही ऐकत नाही. अशा अग्निबाणाला, एकदा सुटल्यावर, "थांब, चूक झाली, परत ये" असे म्हणायची सोय नाही. गोफणीतून सुटलेला दगड परत येत नाही. आणि आता त्या दगडाच्या टोकाला अणुबाँब आहे. म्हणून सोडण्याआधीचा विचार हाच काय तो विचार. नंतर विचाराला जागा नाही.

तरीही विद्येला दोष देऊ नये. ३ ऑगस्ट १९५८ रोजी नॉटिलस ही पाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवाच्या जागी पोचली, तेव्हा तिच्याजवळ हेच ज्ञान होते, आणि ते यंत्र मुळात क्षेपणास्त्रासाठी केलेले होते. १९६९ साली माणसे चंद्रावर उतरली तेव्हा यानाला वाट दाखविणारी यंत्रणा ड्रेपर यांच्याच प्रयोगशाळेने आखलेली होती. आपल्या देशातही तिरुअनंतपुरम येथे अवकाश संशोधन संस्थेचा एक स्वतंत्र विभाग याच कामाला वाहिलेला आहे. आणि तुमच्या खिशातला फोन आडवा केला की चित्रही आडवे होते ना? त्याच्या पोटात नखापेक्षा लहान असा ओळंबा आहे. पुष्कळ फोनांत भोवऱ्याचे काम करणारा भागही असतो. तो फिरत नाही, सूक्ष्म कंप पावतो, इतकेच.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. सायकलचे एक चाक सोडवून घ्या. मुलाला आसाची दोन्ही टोके हातांत धरायला सांगा आणि दुसऱ्याकडून चाक जोरात फिरवा. मग म्हणा, "आता हे कलव पाहू." चाक त्याच्या हातात जिवंत असल्यासारखे भलतीकडेच वळेल, आणि वर्गात एकच हशा होईल. त्या हशानंतर मुलांना हे सारे सांगा. फूकोचे सांगा, म्यूलर यांचे सांगा, ड्रेपर यांचे सांगा. पण डोराच्या बोगद्याचेही सांगायला विसरू नका. भोवऱ्याला नेमून दिलेली दिशा राखता येते. दिशा नेमायची कोणी आणि कोणती, हे मुलांना शिकविणे तुमच्याकडे आहे.